खिळ्याच्या जाडीची फट

प्रिय लिन्ली,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. आई ठणठणीत आहे. आत्ता ती माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्या नेव्हच्या मोज्यांना नावं ठेवते आहे, त्यावरून काय ते समज. फोन का नाही केला असं विचारशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस हे एक. आणि आई कितीही बहिरी झाली तरी फोनवरचं बोलणं तिला भिंतीपलीकडून ऐकू येतं हे दुसरं. तिसरं कारण शेवटी सांगते. माझ्या शुद्धलेखनाकडे बघू नकोस. तू कॉलेजात गेलीस, मास्तरीण झालीस. मी पंधराव्या वर्षी शाळा सोडून मटणाच्या कारखान्यात लागले, तेव्हापासून माझ्या हातात पेनापेक्षा सुरीच जास्त राहिली.

तर आधी डेकचं सांगते. मागच्या उन्हाळ्यात आम्ही तुमच्याकडे नाताळला आलो होतो ते आठवतं? जेवणाआधी मी तुमच्या डेकवर, दारासमोरच्या त्या लाकडी ओट्यावर, पालथी पडले होते. माझं कानातलं हरवलं म्हणून तुम्ही सगळे शोधायला लागलात, तुझा रसेल तर विजेरी घेऊन धावला. माझं कानातलं माझ्या खिशात होतं. मी तुमच्या फळ्यांमधली फट मोजत होते. त्यासाठी घरून एक खिळा घेऊन आले होते, टेमुकाहून तुमच्या नेल्सनपर्यंत अख्खा दिवस गाडीत तो मला मांडीला टोचत होता. प्रत्येक फटीत घालून पाहिला. सगळीकडे सारखा बसला, ना घट्ट ना सैल. इतका राग आला ना मला. एखादी तरी फट वाकडी असावी की नाही! पण नाही. रसेल सुतार, लाकूड परदेशातलं, तांबूस, जड, आणि फळ्या अशा लागलेल्या की जणू आधी डेक झाला आणि मागाहून त्याला कोणीतरी रेघा मारल्या. त्यावर वेताच्या खुर्चीत आई, मांडीवर तुमचं मांजर, समोर समुद्र. मी पाव्हलोवा केक घेऊन बाहेर आले, सकाळपासून अंडी फेटून हात मोडला होता माझा. आई मान न वळवता म्हणाली, 'ठेव तिथे, लिन्ली कापेल.' माझ्या हातचा केक, आणि लिन्ली कापेल.

तुला वाटेल एवढ्यावरून काय. एवढ्यावरून नाही. बाबा गेले तेव्हा दफन झाल्यावर चहाला सगळे जमले होते, आई आता कुठे राहणार असा विषय निघाला. मी थोरली. मी खोली रंगवून ठेवली होती, पडदे शिवले होते, कोणाला बोलले नव्हते. आईने कप खाली ठेवला आणि सगळ्या गावासमोर म्हणाली, 'ग्लेनिसकडे दार उघडलं की पायरी, आणि पायरीखाली चिखल. लिन्लीकडे दार उघडलं की ऊन.' संपलं. शेजारचा डग हसला, पलीकडची हेझल हसली, मीही हसले. पडदे अजून तसेच आहेत. तिला काठीने गवतात चालवत नाही हे मला कळत होतं गं. पण माणसाला अडवायला एक वीतभर पायरी पुरते हे मला तेव्हा कळलं, आणि ती पायरी माझ्याच दाराला होती.

म्हणून हिवाळ्यात तुझा फोन आला, की तुझ्या खुब्याचं ऑपरेशन ठरलंय आणि उन्हाळाभर आई माझ्याकडे राहील, तेव्हा मी काय म्हणाले ते मला आठवत नाही. तू काय म्हणालीस ते आठवतं. 'तेवढंच तुलाही आईचं सुख.' तेवढंच! जसं काही तू मला तुझ्या ताटातली एक बटाट्याची फोड काढून देत होतीस. फोन ठेवला आणि मी तशीच मागच्या दारी गेले, पायरीवर उभी राहिले आणि ठरवलं. दाराच्या उंबऱ्याला लागून डेक बांधायचा, त्याच्याच पातळीत, आईचं पाऊल वर उचलायला नको आणि खाली टाकायलाही नको. लिन्लीसारखा. आणि आई त्यावर एकदा बसली की परत जायचं नाव काढणार नाही.

नेव्ह म्हणाला, 'अगं, माणूस बोलावू.' म्हटलं, लिन्लीकडे नवऱ्याने बांधलाय, माझा नवरा दुधाचा टँकर चालवतो, तेव्हा मीच बांधणार.  खुंट्या ठोकून दोऱ्या मी ताणल्या. खड्डे मी खणले. आमची माती तुला माहीत आहे, वर वीतभर चिकणमाती आणि खाली सगळे नदीचे गोटे. एकेक गोटा काढताना मी तुझं नाव घेत होते, चांगल्या अर्थाने नाही. त्यात बुटके खांब सिमेंटमध्ये उभे केले, त्यावर जाड वासे, वाशांवर आडव्या तुळया, खाली गवत उगवू नये म्हणून काळं कापड. कोपरे काटकोनात आहेत का ते बघायला दोन्ही बाजूंनी तिरपं मोजायचं असतं, दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. पहिल्यांदा आली नाहीत. मी टेप फेकून दिला तो हेझलच्या कोंबड्यांत जाऊन पडला.

फळ्या लावायच्या रविवारी मी कोणाला बोलावलं नव्हतं. पण टेमुकात कोणाच्या अंगणात लाकडाचा ढीग दिसला की बोलावणं लागत नाही. सकाळीच हेझल चीज रोलची ताटली घेऊन आली, डग स्वतःचा हातोडा घेऊन आला, कारखान्यात माझ्याच पट्ट्यावर काम करणारा विरेमू बायकोला आणि करवतीला घेऊन आला. आणि मग सुरू झालं ते. फळीची एक बाजू गुळगुळीत असते आणि दुसरीवर लांब चऱ्या असतात. चऱ्या वर की चऱ्या खाली? डग म्हणाला, 'वर! पाय घसरायला नको म्हणून तर चऱ्या असतात.' विरेमू म्हणाला, 'खाली! वाशावर हवा खेळावी म्हणून असतात, तुझ्या घरचा डेक कुजला तो का कुजला?' डग म्हणाला, 'माझा डेक माझ्या बायकोच्या कुंड्यांनी कुजला.' झालं, त्याची बायको आली. अर्धी सकाळ माणसं फळ्या उलट्या करत होती, सुलट्या करत होती, घराघरांतले जुने डेक उकरून काढत होती. शेवटी मी ओरडले, वर लावा आणि तोंडं बंद करा. या सगळ्या गोंधळात माझ्या हातातल्या खिळ्याकडे कोणी बघितलं नाही. तोच खिळा, तुमच्याकडून मोजून आणलेला. दोन फळ्यांमध्ये तो धरायचा, ठोकायचं, काढायचा, पुढे. लिन्लीच्या डेकला जेवढी फट तेवढीच मला हवी होती, केसभर कमी नको.

बघितलं ते एकट्या नेव्हने. ज्याला स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा ते कळत नाही तो माझा नवरा. फळीवर हातोडा पडला की पाणी उडत होतं, त्याच्या चष्म्यावर उडालं. तो म्हणाला, 'ग्लेनिस, ही फळी गळतेय.' म्हटलं, ओलंच असतं आपलं पाइन, औषधात बुडवून काढतात, तुला माहीत नाही. तो म्हणाला, 'मग वाळलं की काय होईल?' म्हटलं, तू चहा कर. त्याने चहा केला.

आई आली तेव्हा डेक सोन्यासारखा दिसत होता, हिरवट सोन्यासारखा. तिला हाताला धरून दारातून नेलं. न पायरी, न चिखल. ती उंबऱ्यावरून सरळ चालत बाहेर गेली, खुर्चीत बसली, इकडेतिकडे बघितलं.  म्हणाली, 'छान आहे. लिन्लीकडे समुद्र दिसतो.' म्हटलं, आई, टेमुकात समुद्र कुठून आणू? म्हणाली, 'नाही गं, मी नुसतं म्हटलं.' ती रोज नुसतं म्हणायची. लिन्लीकडे चहा पातळ कपातून देतात. लिन्लीकडे खुर्चीला उशी असते. मी उशी आणली. 'लिन्लीकडची जरा मऊ आहे.' मी कारखान्यातून दमून यायची, हात मेंढ्यांच्या चरबीने माखलेले, आणि दारातच ऐकायची की लिन्ली आता काय करत असेल गं, बिचारीचा खुबा. तुझ्या खुब्याचा मला हेवा वाटायला लागला होता, आता बोल.

मग वायव्येचं ते गरम वारं सुटलं. या वर्षी ते सुटलं ते थांबेचना, दोरीवरची चादर वाळत घालेपर्यंत वाळायची. आई नाताळच्या जेवणासाठी बाहेर बसून वाटाणे सोलत होती, मी आत बटाटे धूत होते. तिने हाक मारली. म्हणाली, 'ग्लेनिस, तुझ्याकडे वाटाणा अख्खा खाली जातो.' मी बाहेर आले. तिने हसत हसत एक वाटाणा फटीवर ठेवला, तो गेला. दुसरा ठेवला, तोही गेला. 'लिन्लीकडे वरच राहतात,' म्हणाली. 'वेचून घेता येतात.' मी आत जाऊन तो खिळा आणला. फटीत धरला, सोडला. कुठेही न अडकता तो खाली काळ्या कापडावर जाऊन पडला. हात घालून काढायला गेले तर माझं बोटच आत गेलं, माझं! ही जाडी बोटं, तुला माहीत आहेत. तुमचं लाकूड वाळून कडकडीत होऊन येतं, रसेल त्याला फट देऊन लावतो. माझं ओलं. ते मुळात चिकटून लावायचं असतं, वाळलं की आपोआप फट पडते. मी ओल्या लाकडाला तुझी फट दिली, आणि वाळल्यावर त्याने स्वतःची वर घातली.

वाटाण्यांवर निभावलं असतं. पण नाताळ झाल्यावर एका सकाळी आई उठायला गेली आणि तिच्या काठीचं रबर फटीत गेलं. काठी पार मुठीपर्यंत तिरकी झाली. आई धपकन परत खुर्चीत बसली, खुर्ची मागे होती म्हणून बरं, नाहीतर तुझ्या शेजारच्या खाटेवर तिचाही खुबा असता. तिला काही लागलं नाही, देवाशप्पथ. पण काठी तिथे एकटीच उभी होती, कोणी रोवल्यासारखी, आणि आई तिच्याकडे बघत होती.  लिन्लीकडे असं होत नाही, असंसुद्धा नाही म्हणाली. म्हणाली असती तर मला चाललं असतं. त्या दिवसापासून ती बाहेर जाईना. बाहेर लख्ख ऊन, नवाकोरा डेक, आणि आई आत खिडकीशी. म्हणायची, 'इथूनही दिसतं सगळं.'

आणि त्यातच तुझा रविवारचा फोन आला. आईने तो नेहमीसारखा मोठ्याने लावला. मी भांडी विसळत होते. आई ओरडून तुला सांगत होती, 'ग्लेनिसने स्वतःच्या हातांनी बांधला गं! खड्डेसुद्धा तिनेच खणले! तुझं काय, तुझा नवराच सुतार! मी दिवसभर बाहेरच असते. इथे संध्याकाळपर्यंत ऊन असतं, तुमच्याकडे दुपारनंतर डोंगराची सावली येते!' लिन्ली, आठवडाभर तिने उंबरा ओलांडला नव्हता. मी हातात कढई धरून उभी राहिले.  तू म्हणालीस, 'हो का. छान.' ते 'छान' मी ओळखलं. तसलं छान मी वर्षानुवर्षं म्हणत आले आहे. म्हणजे इतकी वर्षं तिथे समुद्रासमोर बसून ती तुला माझंच कौतुक ऐकवत होती की काय? ग्लेनिसचे चीज रोल, ग्लेनिसचा हात, ग्लेनिस कशी राबते? मागे एकदा तू मला तुटकपणे म्हणाली होतीस, 'आईला म्हणे तुझीच पाव्हलोवा आवडते.' मला वाटलं होतं टोमणा मारतेस. खोटं कशाला बोलू, मला आधी फार बरं वाटलं. मग तुझी कीव आली. मग परत बरं वाटलं. समोर असेल त्या मुलीला जी समोर नाही तिचं सांगायचं, अशी आहे आपली आई. जवळ असणारीच्या वाट्याला फक्त मोजे धुणं येतं. आणि तुझ्या वाट्याला ते सहा वर्षं आलं.

फोन झाल्यावर मी तिला सरळ विचारलं. म्हटलं, आई, इथेच राहतेस का, कायमची? तिने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं. म्हणाली, 'आधी बाहेर तर पडू दे मला.'

म्हणून मी सगळा डेक उचकटला. पहारीने खिळे उपसले, माझे तळहात सोलले. चुलीच्या सरपणासारख्या फळ्या गवतावर पडल्या होत्या आणि आई दारात खुर्ची टाकून हुकूम सोडत होती. चऱ्यांचा निकालही तिनेच लावला, 'खाली. चऱ्यांत काठी डुगडुगते.' डग कुंपणापलीकडून ऐकत होता, घरात निघून गेला. आता फळ्या खडखडीत वाळलेल्या, आणखी आटायच्या नाहीत. तेव्हा आता तोच खिळा, लिन्ली. तोच खिळा मध्ये धरून मी त्या सगळ्या परत लावल्या, बाहेरच्या कडेपासून घराकडे, आणि या वेळी फट राहिली ती तशीच राहिली. रोज सकाळी पालथी पडून बघते. नेव्ह माझ्यावरून उडी मारून कामाला जातो.

पण प्रत्येक फटीतलं जास्तीचं मिटवत आले ना, ते सगळं शेवटी जमा झालं. नेमकं दाराशी. उंबऱ्याला लागून आता एक लांबच लांब भोक आहे, एक फळी मावेल एवढं. आई काठी टेकून आली, खाली बघितलं आणि म्हणाली, 'वाटाणा सोड, आता तर अख्खी मीच जाईन यात.' ती अजून आतच आहे. लाकडाच्या वखारीत गेले तर त्यांच्याकडे सगळं ओलं, गळणारं. ते लावलं तर दोन महिन्यांत आईच्या पहिल्या पावलाशीच परत फट पडेल. दाराशी मला वाळलेलंच लाकूड हवं. आणि वाळलेलं लाकूड मी बघितलंय कुठे ते मला पक्कं माहीत आहे. तुमच्या गॅरेजच्या मागे, पत्र्याखाली, डेक करून उरलेल्या त्या तांबूस फळ्या. पालथी पडले होते तेव्हाच दिसल्या होत्या.

हे तिसरं कारण. एक फळी दे. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीएवढी लांब लागेल, दोन तुकडे असले तरी चालतील. तुमची फळी माझ्या फळ्यांपेक्षा पातळ आहे, मी खाली पट्टी घालून बरोबर वर घेईन. माझ्या हिरवट डेकला दारातच एक तांबूस पट्टा दिसेल आणि येणारा प्रत्येक जण विचारेल ही कुठली, आणि मला सांगावं लागेल, बहिणीची. बाहेर पडताना आईचं पहिलं पाऊल तुझ्याच फळीवर पडणार. हे लिहिताना माझा नुसता जळफळाट होतोय, पण दुसरं लाकूड नाही. पार्सलने पाठवू नकोस. महिनाअखेर तू आईला न्यायला येणारच आहेस, तेव्हा रसेलला गाडीच्या टपावर बांधायला सांग. लगेच घेऊन निघायची घाई करू नकोस, पडदे लावलेली एक खोली रिकामी आहे. ती कुठे राहणार ते बाहेर बसल्यावर तीच सांगेल. मला वाटतं नेल्सन म्हणेल. म्हणू दे, पण बाहेर बसून म्हणू दे. आणि हो, तुझ्या हातातही आता काठी आहे म्हणे. ती घेऊन ये. आईच्या काठीवर माझा भरवसा नाही, ती माझ्या तोंडावर काही चांगलं बोलणार नाही. तू स्वतः चालून बघ, प्रत्येक फट टोकरून बघ, आणि कुठे अडकली नाही तर तसं मोठ्याने सांग, आईला ऐकू जाईल असं.

तुझीच,
ग्लेनिस